कौशल्याचा स्वयंपाक

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फत्तेसिंहरावांना सगळे 'हाथी' म्हणत आणि तेही हसून घेत. पण गुडघे गेले, साखर इन्सुलिनलाही जुमानेना, स्कूटरला किक मारताना धाप लागू लागली, तेव्हा ते हसणं थांबलं. दुर्बिणीतून पोट लहान करायची शस्त्रक्रिया तेव्हा बडोद्यात नवीनच होती. डॉक्टर म्हणाले, "करून टाका. नाहीतर साठी बघणार नाही."

त्यांची बायको कौशल्या डॉक्टरांना एकच गोष्ट विचारत राहिली, "मग जेवतील कधी?"

मूलबाळ नव्हतं. नवरा कामावरून आला की गरम भाकरी वाढायची आणि तो जेवत असताना समोर बसून दिवसभराचं बोलायचं, असाच त्यांचा संसार चालत आला होता. ते "अजून वाढ" म्हणाले की ती खूश.

शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आल्यावर आधी नुसतं डाळीचं पाणी, तेही चमच्यानं. मग घोटलेली खिचडी. दोन घास जास्त गेले तर छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं आणि सगळं बाहेर यायचं. उशीवर केस पडायचे. हे सगळं होईल, असं दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी, स्नेहलताबेननी, आधीच सांगितलं होतं. गोड तर वर्ज्यच, असंही बजावलं होतं. पण फोडणीच्या वासानं रडू येईल, हे कुणी सांगितलं नव्हतं. काम सुटल्यावर मित्र सेव-उसळ खायला निघाले की फत्तेसिंहराव काहीतरी कारण काढून घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांना दिसू नये म्हणून कौशल्या मोरीजवळ उभ्यानंच जेवून घ्यायची. बोलणं हळूहळू संपलं.

दसऱ्याला सगळं गाव फाफडा-जलेबीच्या रांगेत होतं. कौशल्यानं बासुंदी आटवली.

"वाटीभरच घ्या हो. सणाचा दिवस आहे."

त्यांना सगळं माहीत होतं. पण तिचा चेहरा बघून त्यांनी वाटी घेतली. मग स्वतःच म्हणाले, "अजून वाढ." किती दिवसांनी ती हसली आणि मागच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगू लागली. ते सांगणं पुरं व्हायच्या आत फत्तेसिंहरावांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडू लागली आणि ते फरशीवर आडवे झाले. कौशल्या तशीच अनवाणी बाहेर धावली. "शुं थयुं, बेन?" म्हणत शेजाऱ्यांनी रिक्षा आणली.

संध्याकाळपर्यंत ते सावरले. बाहेरच्या बाकावर स्नेहलताबेन कौशल्याला म्हणाल्या, "काकी, तुम्हाला सांगितलं होतं ना? असं करून माराल त्यांना."



त्यानंतर तिच्या हातून एकदाही चूक झाली नाही. त्यांचं मऊ, मोजकं जेवण वेळेवर समोर यायचं. वजन उतरलं, इन्सुलिन सुटलं. वर्कशॉपमधले लोक पाठीवर थाप मारू लागले.

थंडीत एकदा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. हात वर केला तशा तिच्या बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत आल्या. फत्तेसिंहरावांनी नीट बघितलं. गळ्याची हाडं वर आली होती.

"तू जेवतेस ना?"

"खाते की. चहा-पाव."

"आणि स्वयंपाक?"

"एकटीसाठी कोण करतं?"

"अगं, दसऱ्याला बासुंदीची दुसरी वाटी मीच मागितली होती."

"वाढली मी," ती म्हणाली आणि पुढची ओली साडी झटकू लागली.

त्या संध्याकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली. जाड झाली, एका बाजूनं करपली. पिठलं केलं, ताट तिच्यासमोर ठेवलं आणि आपली मुगाची वाटी घेऊन समोर बसले.

"बोल की काहीतरी. त्या लग्नाचं राहिलं होतं."

तिनं तुकडा मोडला, कितीतरी वेळ चावला.

"मीठ नाही," ती म्हणाली.

ते मीठ आणायला उठले. परत येईपर्यंत तिनं हात धुतले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा भाकरी केली. ती अर्धी खाऊन उठली, लग्नाचं न सांगताच. थंडी संपेपर्यंत रोज असंच चाललं.