पाइपात राहिलेलं पाणी

"पप्पा, शनिवारी बंबाचा पाइप खरंच तुम्ही निथळवला होता?"

एवढंच विचारायचं होतं. "विचारून दाखव, नाहीतर मी घाबरट आहे असं लिहून दे," असं कांदेलानं सगळ्या वर्गासमोर बजावलं होतं. वर्ग म्हणजे तरी काय, पाच पोरं, एक शेगडी आणि दार ढकलत बसलेला वारा! पण बाकीच्यांनीही बाकं बडवली, "विचार, विचार!" आणि पंधरा वर्षांची आयलिन कुणाला घाबरत नाही, हे पृथ्वीच्या दक्षिण टोकाच्या या बर्फाळ तळावरच्या तेरा घरांना आताशा कुठे पटायला लागलं होतं.

तिचे पप्पा एव्हारिस्तो येर्बाच्या कडू चहाची नळी ओठांत धरून बसले होते. ती त्यांनी काढली नाही.

"कोणी शिकवलं हे?"

"कांदेलानं. पण विचारतेय मी."

आई कणीक तिंबत होती. तिचे हात थांबले.

मंगळवारी सुतारखोलीला आग लागली. बंब दोन मिनिटांत पोचला, पप्पा आणि कांदेलाचे वडील रुफिनोकाका पाइप ओढायला धावले, आणि पाइप उलगडेचना. आत पाणी राहून गोठलं होतं, पाइप नुसता ओंडका झाला होता. दुसरा आणेपर्यंत वाऱ्यानं खोली संपवली, आणि सुतार ओल्मेदोंचे दोन्ही हात भाजले.

म्हणून तर नियम होता, बंबाची कवायत झाली की पाइप खांद्यावर चढवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. शेवटचा थेंब गळला की मग गुंडाळायचा. फडताळात ठेवणारा चिठ्ठीवर सही करतो, आणि ज्याची सही त्याची चूक. सही रुफिनोकाकांची होती. गुरुवारच्या विमानानं ते आणि त्यांचं कुटुंब परत जाणार होतं, नोकरीवर डाग घेऊन.

प्रश्न कांदेलाचा होता. उत्तर मात्र आयलिनला मंगळवारपासूनच ठाऊक होतं.

शनिवारी कवायतीनंतर पप्पांचा गुडघा ठणकत होता. "मी गुंडाळते ना! शंभरदा बघितलंय," म्हणत ती पुढे झाली होती. मुलांनी बंबाच्या सामानाला हात लावायचा नाही, हा नियम पप्पांनीच लिहून भिंतीवर लावलेला; तरी ते हसून बाजूला झाले. तिकडे पंचवीस मेच्या राष्ट्रीय सणाच्या नाचाची तालीम सुरू झाली होती, गिटार इथवर ऐकू येत होती. खांद्यावर घेऊन चालायचं तिनं गाळलंच. गुंडाळी उचलताना जड लागली होती, हेही तिला चांगलं आठवत होतं. रुफिनोकाका आले, म्हणाले, "निथळवलास ना रे?" आणि पप्पा म्हणाले, "हो हो, घे."

पाइप आपण निथळवला होता, हेच त्यांनी तळप्रमुख मेजरांनाही सांगितलं.

"बोला ना, पप्पा."

"काय बोलू?" त्यांनी शेवटी नळी काढली. "पोरीनं गुंडाळला म्हणून सांगू? नियम मोडला म्हणून मला काढतील, आणि तुझी बदनामी तळभर होईल. अकरा महिने राहिलेत माझे निवृत्तीला. रुफिनो तरुण आहे, त्याला कुठेही घेतील."

"डाग असलेल्या माणसाला?" आई म्हणाली. "बंबावर?"

"तू मध्ये पडू नकोस, नोएमी."

"मध्येच आहे मी. काल त्याची बायको माझ्याकडे बसून रडली, आणि मी तिला काय दिलं? साखर!"

पप्पा एकदम म्हातारे दिसले. आगीत पहिले घुसणारे पप्पा, ओल्मेदोंना पाठीवर घालून बाहेर आणणारे पप्पा. आयलिनला वाटलं, जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं, म्हणावं, राहू द्या.

"कांदेला खोकी भरतेय," ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर माझ्याकडे दोरी मागितली तिनं. माझ्याकडे, पप्पा! आणि मी दिली. वर गाठ कशी मारायची तेही दाखवलं."

चहा निवून गेला.

"तू लहान आहेस," पप्पा हळूच म्हणाले. "तुझ्यावर काही येऊ नये, एवढंच बघितलं मी."

"माझ्यावर आलंय की! मंगळवारपासून जेवण जात नाहीये मला. तुम्ही विचारलंत तरी का?"

आईनं पिठाचे हात पुसले आणि खुंटीवरचा आयलिनचा जाड कोट काढून तिच्यासमोर धरला. पप्पांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

आयलिननं बाह्या चढवल्या. बटण दोनदा चुकलं. नाचाच्या दिवशी सगळे आपल्याकडे बघतील म्हणून ती महिनाभर फुशारत होती; आता नाचायला घेतील का, देव जाणे. विमानात कदाचित तिचीच खोकी चढतील.

"मी मेजरांकडे चाललेय," ती म्हणाली. "पाइप मी गुंडाळला, पाणी माझ्यामुळे राहिलं, एवढं मी सांगणार. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतंत, ते तुमचं तुम्ही सांगा. येणार असाल तर बूट घाला, पप्पा. मी थांबणार नाही."