टिनाच्या खोलीतला रणगाडा

“कडी लावाच्या आधी एक हाक देत जाय, पौर्णिमा,” असं शेजारच्या अनुसयाबाईंनी तिला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा पौर्णिमा हसली. एवढंसं अंगण, त्यात एवढीशी टिनाची खोली. आत कोणी असलं तर मला दिसणार नाही का काकू, असं म्हणून तिनं कडी सरकवली, कोयंड्यात तारेचा वेढा घातला आणि ती लेकीच्या मागे धावली. दोन्ही वेळा मी त्या खोलीत होतो, दाराच्या आतल्या बाजूला.

मित्रांनो, मी एक रणगाडा आहे. घाबरू नका. माझी तोफ म्हणजे नळाचा पाइप आहे आणि तिच्यातून आजवर फक्त एक पाल बाहेर आली आहे. खऱ्या रणगाड्याच्या चौथाई मापाचा मी. लांबी पाच फूट, वजन नव्वद किलो. रिमोटच्या दोन दांड्या पुढे ढकलल्या की मी पुढे जातो, मागे ओढल्या की मागे येतो. नाचणगावात एवढं पुरेसं होतं. मी अंगणात निघालो की रस्त्यावरच्या सायकली थांबायच्या.

मला घडवलं प्रेमदासनं. पौर्णिमेचे हे सासरे, ती त्यांना मामाजी म्हणते. फौजेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी बावीस वर्षं रणगाडे दुरुस्त केले. चाकं काढली, पट्टे ताणले, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घातले. चालवायला मात्र एकदाही मिळाला नाही. गावी परतल्यावर त्यांनी कूलर बनवायला घेतले, आणि कूलरच्या उरलेल्या पत्र्यातून एके दिवशी माझं अंग कापलं. माझ्या डोक्यावरचा घुमट म्हणजे पालथं घातलेलं घमेलं. ते मोटरीवर गोल फिरतं. मोटरी भंगारातल्या, विजेच्या व्हीलचेअरच्या. पट्टे कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या रबरी पट्ट्याचे; प्रेमदासचा मुलगा अनुप हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला आहे, त्यानं ते एसटीच्या टपावरून आणले. त्या पट्ट्यांवर एकशे ऐंशी लोखंडी पट्ट्या आहेत, एकेक मोजून रिव्हेट केलेल्या. आणि माझ्या चाकांवर जी चकचकीत दहा तबकं दिसतात ना, ती पौर्णिमेच्या डब्यांची झाकणं आहेत. तिनं आठ दिवस ती सगळ्या घरात शोधली. नंतर माझ्याकडे पाहून म्हणाली, “मामाजी, आता माझ्या साखरेत मुंग्या झाल्या तर तुमच्या फौजेला बोलावते.”

प्रेमदासच्या मनात एकच होतं. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे मी चालावं, निळा झेंडा लावून, आणि रिमोट त्यांच्या हातात असावा. दोन वर्षं त्यांनी त्यासाठी घातली.

आता ती कडी कुठून आली, ते ऐका. मला चालू करायची एक रीत आहे. आधी रिमोट चालू करायचा, मग माझ्या पाठीवरचं बटण दाबायचं. उलटं केलं तर मी कोणाचंच ऐकत नाही. मार्चमध्ये एका सकाळी प्रेमदास घाईत होते, त्यांनी आधी माझं बटण दाबलं. मी सुटलो तो कुंपणाच्या तारा घेऊनच पलीकडे गेलो. अनुसयाबाईंनी चादरीवर कुरोड्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावरून आरपार. अनुसयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, लढाईले निघाला म्हणे तुमचा रणगाडा. अन् पयली लढाई माह्या कुरोड्यासंग?”

सगळे हसले. पौर्णिमा हसली नाही. तिची लेक रक्षा, तीन वर्षांची, त्या चादरीपासून दोन हातांवर बसली होती.

पौर्णिमा बी.एस्सी. झालेली. तिला प्रत्येक गोष्टीत काय काय होऊ शकतं ते आधी दिसतं. बॅटरीत तेजाब असतं. पत्र्याला धार असते. नव्वद किलो म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको. त्याच दिवशी तिनं टिनाच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. त्यानंतर दार उघडं दिसलं की ती लावायची. दिवसातून दहादा लावायची. रक्षाला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं लावायची.

एप्रिलची बारा तारीख. दुपारचा एक वाजून गेला होता. बाहेर ऊन असं की अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं. रक्षाला दोन दिवसांपासून ताप होता. रडून रडून ती आत्ता कुठे आईच्या खांद्यावर झोपली होती. अनुप हिंगणघाटला. प्रेमदास माझ्या मागे जमिनीवर बसून डावा पट्टा ताणत होते. दारातून पाहिलं तर फक्त मी दिसत होतो.

पौर्णिमा लेकीला थोपटत अंगणात आली. तिनं दार उघडं पाहिलं. कडी सरकली, तारेचा वेढा बसला.

तो आवाज मला ऐकू आला. प्रेमदासनाही आला. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मग पाना उचलून ते पुन्हा कामाला लागले. तेव्हा मला काही कळलं नाही. मला वाटलं, त्यांचं अजून काम असेल.

टिनाची खोली एप्रिलात कशी तापते, ते विदर्भातल्या मुलांना मी काय सांगणार. टेबलफॅन होता, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करत होता. पाण्याची बाटली अर्ध्या तासात संपली. मोबाइल घरात चार्जिंगला होता. प्रेमदास दोनदा दारापर्यंत गेले, फटीतून घराकडे पाहिलं. घरातला कूलर घरघरत होता. त्यांनी हात उचलला आणि दार न वाजवताच खाली घेतला. परत येऊन मला टेकून बसले. हळूहळू त्यांच्या हातातला पाना निसटला. घाम येत होता तो थांबला. तिसऱ्यांदा ते उठायला गेले आणि तिथेच कोसळले. मग त्यांनी हाक मारली. पण आता हाकेत आवाज उरला नव्हता.

मित्रांनो, मी तिथेच होतो. माझ्याजवळ दोन भरलेल्या बॅटऱ्या होत्या आणि स्वतःहून एक इंचही हलायची सोय नव्हती. असलं काही तुम्हाला कधी सोसावं लागू नये.

प्रेमदासनी स्टुलावरचा रिमोट ओढून घेतला. डोळे नीट उघडत नव्हते, तरी आधी रिमोट चालू केला, मग चाचपडत माझं बटण दाबलं. मला मागे भिंतीपर्यंत नेलं. आणि मग त्यांनी काय केलं असेल? माझा घुमट अर्धा फिरवला. तोफ मागच्या बाजूला नेली. दारावर आपटून ती वाकू नये म्हणून! दोन वर्षांचं काम स्वतःच्या हातानं फोडायला निघालेला माणूस, तोफ तेवढी वाचवत होता.

मग दोन्ही दांड्या पुढे.

पहिल्या धडकेला टिन नुसतं वाजलं. मी मागे आलो, पुन्हा गेलो. दुसऱ्या धडकेला माझं नाक आत गेलं. तिकडे घरात पौर्णिमा दोन दिवसांत पहिल्यांदा झोपली होती. पहिला आवाज तिच्या झोपेत विरून गेला. दुसऱ्याला ती दचकून उठली आणि तिनं आधी लेकीकडे पाहिलं. लेक शेजारीच होती. तिसऱ्या धडकेला ती अनवाणी अंगणात पोचली, तेव्हा दाराची खालची बिजागरी सुटून पत्रा बाहेर आला होता. आणि कोयंड्यात तारेचा तो वेढा होता, तिच्याच हातचा.

तार तापलेली होती. बोटं भाजली तरी ती सोडत राहिली. दार उघडलं, प्रेमदासना पाहिलं, आणि ती ओरडली नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी बादलीनं काढून त्यांच्या अंगावर ओतलं, दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळला, कुंपणावरून अनुसयाबाईंना बोलावलं. अनुसयाबाईंनी रक्षाला घेतलं आणि ऑटो थांबवला. दवाखान्यात चार दिवस सलाइन चाललं. प्रेमदास वाचले.

माझी मोठी वाहवा झाली. रणगाड्यानं म्हाताऱ्याला वाचवलं म्हणून लोक पाहायला आले, माझ्या फुटलेल्या नाकाशेजारी उभं राहून फोटो काढून गेले. दार कसं लागलं, असं कोणी विचारलं की प्रेमदास सांगायचे, वावटळ आलती, लागलं असन. मिरवणूक माझ्याशिवायच गेली. मग पाऊस लागला. मला ताडपत्रीखाली ढकललं. उंदरांनी दोन वायरी कुरतडल्या, रिव्हेटना गंज चढला. प्रेमदासना डॉक्टरांनी काम करू दिलं नाही.

पौर्णिमेनं ती कडी बारा तारखेच्याच संध्याकाळी पाना लावून काढून टाकली होती. पण तिच्या आत काहीतरी लागून राहिलं. गॅसचं बटण ती तीनदा पाहायची. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरायची. अनुपला फोन करून पोचलात का विचारायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा करायची. मामाजी अंगणात बसले तरी दर घडीला दारात येऊन पाहायची. माझ्याजवळून जाताना मात्र मान फिरवायची. लोक म्हणायचे, किती काळजी घेते सून. ताटावरून ती अर्ध्यात उठते, हे कोणी पाहिलं नाही.

दसऱ्यानंतर ऊन उतरलं आणि प्रेमदासनी ताडपत्री ओढली. माझं नाक सरळ करायचं होतं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आतून ठोकायचं, दुसऱ्यानं बाहेरून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. त्यांनी पौर्णिमेला बोलावलं. तिनं ठोकळा धरला. चार-पाच ठोके झाले, आणि ती माझ्या पत्र्याकडे बघतच म्हणाली, “मामाजी, वावटळ नव्हती. कडी मी लावली होती.”

हातोडी थांबली. “मले मालूम आहे. आवाज आयकू आलता कडीचा.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच.”

“मग हाक काऊन नाही दिली?” एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “मी दहा पावलांवर होते. एक हाक दिली असती तर…”

प्रेमदासनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, “पोरगी तुया खांद्यावर नुकतीच झोपली होती. अन् तू दोन दिसाची जागी. म्हटलं, पडू दे जराशीक. उठन तवा खोलन. एवढं तापन असं नाई वाटलं मले. चुकलंच माह्यं.”

पौर्णिमेच्या हातातून ठोकळा माझ्या पट्ट्यावर पडला. तीही तिथेच बसली, मातीत. मग प्रेमदासनी विचारलं, “सकाळपासून काही खाल्लं का तू?”

तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि मग तिचं रडणं थांबेना.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवायचं असतं. माझं काय, पत्रा ठोकून सरळ होतो, गंज घासला की जातो. मला वेगळंच मागायचं आहे. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, सगळ्यांना डोकावून पाहणारं. तुमचा ताप पाहणारं, दार लागलं का, गॅस बंद आहे का, तुम्ही पोचलात का, हे विचारणारं. आई असेल, काकू असेल, मोठी बहीण असेल. हे वाचून झालं की उठा आणि ती असेल तिथे जा. काही खाल्लं का, झोप झाली का, एवढंच विचारा. ती आधी ‘हो’ म्हणेल. लगेच परत फिरू नका. थोडं तिच्याजवळ बसा.