कुंपणातली रास

लोसुरुआ डोंगराच्या उतारावर, पायवाट कोरड्या ओढ्यात उतरते तिथली दगडांची रास खोटी आहे, हे नोंगिशूला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती रचली जाताना तिने पाहिली होती. तिपाईवर दुर्बीण ठेवून रानाकडे बघणारे दोन मोजणीवाले आले, त्यांनी एक लाल-पांढरी काठी रोवली, आणि लोसुरुआचा वारा ती टिकू देईना म्हणून तिच्या बुडाशी दगड रचले. ते गेल्यावर वाऱ्याने काठी नेलीच. दगड तेवढे राहिले.

आता आम्हा सांबुरू गुराख्यांची रीत अशी, की रानात दगडांची रास दिसली म्हणजे तिथे कुणीतरी पुरलेलं आहे. येणारा-जाणारा तिच्यावर हिरवी डहाळी ठेवतो, आत म्हातारा असला तर त्याला असू दे म्हणून चिमूटभर तंबाखू टाकतो, आणि म्हणतो, बाबा, मला पाणी दे, माझ्या गुरांना वाट दे. कोण पुरलंय हे कुणी विचारत नाही. विचारणार कसं? गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. नाव घेतलं की तो वळून बघतो, आणि एकदा वळलेल्याला परत वाटेला लावणं सोपं नसतं.

त्या राशीवर पहिली डहाळी कुणी ठेवली, देव जाणे. नोंगिशू लाकडाची मोळी घेऊन पुन्हा तिथून गेली तेव्हा डहाळ्यांचा ढीग झाला होता, वर तंबाखूसुद्धा होती. ती एकटीच पोट धरून हसली आणि घरी येऊन तिने शेजारणीला, नेपेयानला, सांगितलं.

"अगं, मोजणीवाल्यांच्या काठीकडे लोक पाणी मागतायत!"

नेपेयानचा चेहरा पडला. "मी कालच मागितलं."

"मग? मिळालं?"

"कसलं डोंबल! डबा गळत होता तो गळतोच आहे."

दोघी हसून हसून दमल्या. त्या वेळी हसायला येत होतं.

खरी रास वर होती, डोंगराच्या खांद्यावर. तिथे नोंगिशूचा नवरा होता. पूर्वी वस्तीही तिथेच होती, पण तो गेल्यावर रीतीप्रमाणे बायकांनी घरं उतरवली, काठ्या-कातडी गाढवांवर लादली आणि वस्ती खाली आली. वर राहिला तो एकटा आणि वारा. नोंगिशू सवड मिळेल तशी वर जायची, डहाळी ठेवायची आणि बसून त्याला गावातल्या चुगल्या सांगायची. जिवंतपणी त्याला चुगल्यांची भारी आवड होती. त्याचं नाव मात्र तिने कधी उच्चारलं नाही, तो असताना नाही आणि नसतानाही नाही. मीही ते इथे लिहीत नाही.

मग कंपनी आली. वाऱ्यातून वीज काढणार म्हणाली. जो वारा आमच्या डोळ्यांत धूळ भरतो, पोरांची तोंडं फाडतो, त्याचे पैसे होतात हे कळल्यावर म्हातारे पहिल्यांदा खदखदा हसले आणि मग गप्प झाले. खोटं कशाला बोलू, कंपनीने दिलं पुष्कळ. रस्ता दिला. दवाखान्यात लशींसाठी फ्रिज आला, म्हणून दोन पावसाळे झाले तरी गोवराने एक पोर गेलं नाही. वस्तीतल्या तरण्यांना पहारेकऱ्याच्या नोकऱ्या लागल्या, त्यात नोंगिशूचा लेमायानही होता. शेवटी गावनिधीतून सूर्यावर चालणारा पंप आणि नळ देऊ असं कबूल झालं. वीज तेवढी आमच्या डोक्यावरून तारांतून दक्षिणेला शहरात जाते. गावात अजून चुलीचाच उजेड आहे, पण त्याचं आता कुणाला विशेष वाटत नाही.

पवनचक्क्यांच्या जागा ठरायच्या होत्या तेव्हा बाभळीखाली सभा भरली. कंपनीचा माणूस लेडाना. आपल्यातलाच, शिकून साहेब झालेला, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण.

"माणूस पुरलाय तिथे पवनचक्की होणार नाही," तो म्हणाला. "कंपनी कुंपण घालेल, पाटी लावेल. फक्त कोण पुरलंय त्याचं नाव सांगा."

म्हातारे काठीच्या टोकाने जमीन उकरत बसले.

"अहो, मला काय रीत कळत नाही? मी काय आभाळातून पडलो? पण नैरोबीत बसलेल्यांना काय सांगू? कुणीतरी आहे म्हणून? बरं, ओढ्याकाठची ती रास कुणाची? एवढ्या डहाळ्या आहेत, मोठा माणूस असणार."

नेपेयानने नोंगिशूच्या कमरेत कोपर मारलं आणि दोघींनी हसू येऊ नये म्हणून तोंडं फिरवली. सगळ्यात वयस्क लेकुपे उठला आणि थुंकून म्हणाला, "मेलेल्यांचं राहू दे. पाण्याचं बोल." सभा पाण्यावर गेली ती पाण्यावरच संपली.

नंतर कळलं की सात नंबरची पवनचक्की डोंगराच्या खांद्यावर येणार. नोंगिशूचं अन्नावरचं मन उडालं. तिने लेमायानला गाठलं.

"तू जा आणि सांग त्याला. मुलगा आहेस."

"बापाचं नाव घेऊ? मी?" लेमायान नव्या गणवेशाचं बटण चाचपत म्हणाला. "जीभ झडेल माझी. म्हातारे वस्तीत उभं करणार नाहीत."

"आणि दुसरं काय? खरं बोल."

"दुसरं हे, की सात नंबर अडला तर कुणाच्या आईमुळे अडला हे विचारतीलच. पहिला मीच घरी."

सकाळी उठून नोंगिशू एकटी कंपनीच्या पत्र्याच्या खोलीत गेली. लेडानाला म्हणाली, दार लाव. त्याने लावलं. तिने डोळे मिटले आणि जे नाव तिने लग्नापासून ओठांवर येऊ दिलं नव्हतं ते उच्चारलं. हळूच, पण स्पष्ट. डोंगराच्या खांद्यावरची रास त्याची, हेही सांगितलं. आपण त्याला झोपेतून हाक मारली आणि तो उठून बसला, असंच तिला वाटलं.

"शाब्बास, काकू," लेडाना म्हणाला. "एवढंच हवं होतं. आता काळजी सोडा."

तिने काळजी सोडली. वाटेत तिने नवऱ्याची माफी मागितली. म्हणाली, रागावू नकोस, एकदाच घेतलं, तुझी जागा वाचावी म्हणून घेतलं. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात कुंपण आलं. चांगलं लोखंडी, हिरव्या रंगाचं, फाटकाला कडी. पण ते डोंगरावर गेलं नाही. ते ओढ्याकाठी, मोजणीवाल्यांच्या राशीभोवती उभं राहिलं. दगडात कोरलेली पाटीही लागली. नोंगिशूला वाचता येत नव्हतं. त्या वेळी कंपनीच्या खालच्या फाटकावर पहारा करणाऱ्या लेमायानला तिने हाक मारली. त्याने पाटी मनातल्या मनात वाचली.

"काय लिहिलंय?"

"त्यांचं नाव," तो म्हणाला.

ती डोंगराकडे धावत सुटली. वर पिवळी यंत्रं घरघरत होती. खांदा कापून सपाट केला होता आणि रास जिथे असायची तिथे एक गोल खड्डा होता, घर मावेल एवढा. यंत्रावरच्या परक्या माणसाने तिला हात हलवून मागे हो म्हटलं. ती मागे झाली. आणखी काय करणार होती?

लेडाना गाडीतच भेटला. काच खाली करून बोलला, उतरला नाही. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्याला उतरायची सवय राहत नाही.

"मी तुला वरची जागा सांगितली होती!"

"तुम्ही नाव सांगितलंत, काकू. वरची जागा वारा ठरवतो, मी नाही. खांद्यावर जो वारा आहे तो दुसरीकडे नाही. इकडे ओढ्याकाठी एक थडगं बिननावाचं पडलं होतं. तुमच्याकडे नाव होतं. मी मेळ घातला."

"तिथे माणूस नाही! तिथे मोजणीची काठी होती!"

लेडाना क्षणभर गडबडला. ते त्याला खरोखरच माहीत नव्हतं. मग तो हसला, म्हणजे दात दाखवले. "मग तर बरंच झालं. कुणाची हरकत यायला नको. मान राखला ना तुमच्या माणसाचा? कुंपण बघितलंत? मारालाल शहरात जिवंत माणसाच्या दाराला असलं फाटक नाही."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. वर मलम बघा किती छान आहे, असंही ऐकायचं.

ती म्हणाली की ती म्हाताऱ्यांना सांगणार, तालुक्याला जाणार, सभेत ओरडणार. लेडाना म्हणाला, जरूर. तक्रार झाली की काम थांबतं, आणि काम थांबलं की निधी थांबतो. पाइप पुरून झालेत, पंप वाटेत आहे, तोही थांबेल. एवढं बोलून त्याने काच वर केली.

संध्याकाळी नेपेयान आली. आल्या आल्या बसली नाही, उभीच राहिली.

"तू तोंड उघडणार म्हणे."

"तुला माहीत आहे ती रास कसली ते. आपण दोघी हसलो होतो."

"माहीत आहे. म्हणून तर आले." नेपेयान खाली बसली. डोक्यावर डबे वाहून वाहून तिची मान एका बाजूला झुकली होती. "गेल्या कोरड्या साली पाणी आणायला गेले तेव्हा वाटेत बाळंत झाले, विसरलीस? नाळ तू कापलीस. मुलगी राहिली नाही. आता नळ माझ्या दारापासून हाकेवर येतोय. तुझा एक मेलेला आहे, नोंगिशू. आमचे सगळे जिवंत आहेत."

नोंगिशूला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हेच तिला कळत नव्हतं. नेपेयान खोटं बोलत नव्हती. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, तिला चुलीतलं लाकूड फेकून मारता आलं असतं.

"चहा घे," ती म्हणाली.

नळाच्या उद्घाटनाला पाहुणे आले. बकरी कापली. म्हातारे ओळीने बसले, लेकुपेने काठी उंचावून आशीर्वाद म्हटला आणि सगळ्यांनी प्रत्येक ओळीवर "न्काय! न्काय!" म्हणून देवाला साद घातली. मग लेडानाने नोंगिशूला पुढे बोलावलं. गावाच्या थोर पुरुषाची विधवा, असं त्याने पाहुण्यांना सांगितलं आणि सगळ्यांच्या देखत ते नाव घेतलं, सरळ, घसा साफ करून. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. नोंगिशूला एक ब्लँकेट आणि सूर्यावर चालणारा कंदील मिळाला. तिच्या हातात कुणीतरी हिरवी डहाळी दिली. फाटकाची कडी काढली. नेपेयान गर्दीत उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती.

नोंगिशू आत गेली आणि मोजणीवाल्यांच्या दगडांवर तिने डहाळी ठेवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी नळाला पाणी आलं. बायका ओंजळी भरून एकमेकींवर उडवत होत्या, नेपेयान रडत होती. नोंगिशूही पाणी प्यायली. पाणी गोड होतं, आणि ते गोड निघावं याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

घरी तिने लेमायानला विचारलं, "वरच्या राशीचे दगड कुठे गेले?"

"खडी केली."

"खडी कुठे गेली?"

"रस्त्यात. सात नंबरच्या वळणावर."

"आणि तो?"

लेमायानने बूट काढायला घेतला आणि नाडीशी बराच वेळ घालवला. "मी बघितलं नाही. मी त्या दिवशी खालच्या फाटकावरची पाळी मागून घेतली होती."

दुसऱ्या दिवसापासून नोंगिशू रस्त्यावरून चालायची बंद झाली. इतका सुरेख रस्ता सोडून ही बया काट्यांतून जाते म्हणून पोरं हसायची. वळणावर आली की ती थांबायची, रस्त्याच्या मधोमध एक हिरवी डहाळी ठेवायची आणि बाजूच्या झुडपांतून पुढे निघायची.

पण आमची रीत मी सांगितलीच. मागून बायका लाकडं घेऊन यायच्या. रस्त्यात डहाळी दिसली की कोण, कुठलं, हे न विचारता त्याही एकेक ठेवायच्या, वर एखादा दगडही. गुराखी तंबाखू टाकायचे. दुपारपर्यंत ढीग व्हायचा आणि कंपनीच्या गाड्या अडायच्या. लेडानाने हुकूम काढला की वळण रोज साफ झालं पाहिजे. ज्याची पाळी सात नंबरवर, त्याने झाडायचं. पाळी लेमायानची होती.

नोंगिशू डहाळी घेऊन आली तेव्हा तो झाडतच होता. वर पवनचक्कीची पाती भुरर् भुरर् फिरत होती आणि त्यांची सावली दोघांवरून जात होती. आई दिसताच त्याने झाडू मागे लपवला.

"झाड की," ती म्हणाली. "पगार घेतोस तर काम नीट कर. फक्त त्याच्या डोक्यावरून झाडू फिरवू नकोस. पायाकडून सुरुवात कर."

लेमायान रडायच्या बेताला आला होता. त्याने झाडू पुढे घेतला, रस्त्यावर टेकवला आणि तिथेच थांबला.

"पाय कुठल्या बाजूला, आई?"

नोंगिशूने रस्ता वरपर्यंत पाहिला, मग खालपर्यंत पाहिला. सगळीकडे सारखीच खडी होती, नीट दाबून बसवलेली. ती बघत राहिली.

मागून गाडीने भोंगा वाजवला, आणि दोघं बाजूला झाली.