बर्फात चालणारी गाडी

उपेंद्रनं आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि खिशातून कुंदाची शिवणकामाची टेप काढून शोरूममधल्या गाडीच्या पोटाखाली सरकवली. एक गुडघा फरशीवर टेकून, मान वाकडी करून त्यानं आकडा वाचला. वीस सेंटिमीटर. म्हणजे टीचभर बर्फ साचला तरी गाडी पोटावर बसणार नाही.

"कुछ गिर गया क्या, सर?"

तो दचकून उठला, आणि उठता उठता कपाळ गाडीच्या आरशावर आपटलं.

"नाही, नाही, काही नाही," त्याच्या तोंडून मराठीच निघालं.

"अरे वा! आपलेच की!" टाय लावलेला सेल्समन एकदम मोकळा हसला. "मी मुनीर. राजापूरचा. साहेब कुठले?"

"साताऱ्याचे," उपेंद्र म्हणाला, आणि टेप मुठीत गोळा करत मनातल्या मनात अर्धा झाला. हिंदीत फसवणं जमलं असतं कदाचित. आता गावाकडच्या माणसाला फसवायचं होतं.

कारण गाडी इथे घ्यायचीच नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी उपेंद्र, त्याची बायको कुंदा आणि दोन मुलं असे चौघं शारजा सोडून कॅनडाला निघणार होते. कुंदाचा भाऊ तिथे होता. त्यानं बजावलं होतं की पोचल्या आठवड्यात गाडी घ्या, बर्फ पडायला लागल्यावर धावपळ करू नका, आणि चारही चाकं ओढणारीच घ्या. तीच मॉडेल्स इथे मिळतात, तर इथेच बसून ठरवून जाऊ, ही कल्पना कुंदाची. "आपण काय चोरी करतोय?" ती गाडीतून उतरताना म्हणाली होती. "बघायला काय पैसे पडतात?"

उपेंद्र तीन महिने वाचत होता. दुबईत अल क्वोजमधल्या एका कंपनीत तो नकाशांची नोंद ठेवायचा. दुसऱ्यांनी काढलेल्या, दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे. दुपारच्या सुट्टीत डबा संपला की, आणि रात्री घरीही, गाड्यांची जुनी मासिकं काढून बसायचा आणि शंभर पानी वहीत टिपणं करायचा. बर्फ त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता, फ्रीजरमध्ये साचतो तेवढाच. पण बर्फावर कुठला टायर धरतो, पहाटे बॅटरी का बसते, घसरणारी गाडी कशी सावरायची, हे सगळं आता त्याला झोपेतही सांगता आलं असतं. बावन्नाव्या वर्षी आपल्याला एखादी गोष्ट घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळते, हा अनुभव नवा होता. तो कुणाला कळू नये म्हणून तो वही वर्तमानपत्राखाली ठेवायचा. कळावा असंही त्याला वाटायचं.

"ही घ्या साहेब, डोळे मिटून," मुनीर म्हणाला. "वाळूत रुतणार नाही. मागच्या शुक्रवारी एकाला दिली, सगळी फॅमिली घालून डून्सवर चढवली त्यानं."

"हीटर कसा आहे?"

"काय कसा आहे?"

"हीटर. म्हणजे... मागच्या सीटपर्यंत पोचतो का?"

मुनीरनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. बाहेर सप्टेंबरची संध्याकाळ होती आणि काचेला हात लावला तर चटका बसला असता.

"साहेब, आठ वर्षं गाड्या विकतोय. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. उन्हात ठेवा ना गाडी, अख्खी गाडीच हीटर!"

"नाही, आम्ही कधीकधी डोंगराकडे जातो. हत्ताला. तिकडे जरा..." उपेंद्र थांबला. खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

तेवढ्यात कुंदा आली. मागोमाग पंधरा वर्षांचा नीरव, कानात वॉकमन, आणि नऊ वर्षांची अस्मी, जी येताना प्रत्येक गाडीचं दार उघडून बघत होती.

"ही नको," कुंदानं लांबूनच सांगून टाकलं. "केवढी ती मोठी. बॉनेट कुठे संपतं तेच दिसणार नाही. ती पलीकडची लाल बघू."

"अगं, ती हलकी आहे," उपेंद्र हळू आवाजात म्हणाला. "आणि एक लक्षात घे. चार चाकं ओढायला मदत करतात, थांबायला नाही करत. निघताना वाटतं काय गाडी आहे! खरी परीक्षा ब्रेक दाबल्यावर. म्हणून मला वाटत होतं की..."

"मला लालच बघायचीय."

तिच्या आवाजात घाई होती. उपेंद्रला जरा नवल वाटलं. गेले तीन आठवडे गाडीचा विषय काढला की ती "तुम्हाला काय ते कळतं" म्हणून उठून जायची.

लाल गाडीपाशी मुनीरनं पुढचं दार उघडलं, वाकून सीटखालच्या दांडीला हात घातला.

"आधी सांगा, जास्त कोण चालवणार? साहेब की वहिनी? त्याप्रमाणे सीट लावून देतो."

"मी," उपेंद्र म्हणाला.

"ममा," त्याच क्षणी अस्मी म्हणाली.

मुनीर हसला. "घ्या! घरात एकमत नाही."

"बट बाबा विल बी हिअर ओन्ली," अस्मी समजावत म्हणाली, जसं वर्गात चुकलेल्या मुलाला समजावतात. "ही हॅज अ रिटर्न टिकिट. वी डोन्ट."

"अस्मी! शट अप, यार." नीरवनं कानातला वॉकमन ओढून काढला.

अस्मीचं वाक्य उपेंद्रला नीट कळलंही नसतं. लहान मूल, काहीतरी बोलतं. पण नीरवच्या त्या शट अपनं ते कळलं. मुलगा त्याच्याकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता. आणि कुंदा लाल गाडीच्या टपावरून हात फिरवत होती, जणू तिथे धूळ आहे.

"रजेवर जाताय होय साहेब?" मुनीरनं विचारलं. "मग काही हरकत नाही. परत आल्यावर घ्या. गाडी ठेवतो मी बाजूला."

उपेंद्रनं मान हलवली. कशासाठी हलवली ते त्याला कळलं नाही. हातातली टेप सुटून फरशीवर पडली, पिवळी, लांबच लांब, आणि तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. नीरवनं ती उचलली, गुंडाळली, वडिलांच्या खिशात ठेवली. वडिलांच्या खिशात हात घालण्याचं त्याचं वय केव्हाच उलटून गेलं होतं.

कुंदा चालकाच्या जागी जाऊन बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग मान न वळवता म्हणाली,

"अहो, आत या जरा."

तो वळसा घालून शेजारी बसला. दारं लागली तसा शोरूमचा गलका कापल्यासारखा थांबला. नव्या गाडीचा, प्लास्टिकचा वास होता. काचेपलीकडे मुनीर मुलांना माहितीपत्रकं देत होता आणि गाडीकडे पाठ राहील असा उभा होता.

"किती काढलीस?" उपेंद्रनं विचारलं.

"काय?"

"तिकिटं."

कुंदा शारजातच, रोल्याला एका ट्रॅव्हल एजन्सीत होती. घरातली सगळी तिकिटं तीच काढायची. त्यानं कधी उघडून पाहिली नव्हती.

"तीन वन-वे," ती म्हणाली. "एक रिटर्न. पंधरा नोव्हेंबरचं."

त्यानं समोर पाहिलं. समोर शोरूमची भिंत होती. भिंतीवर वाळूच्या टेकडीचं पोस्टर.

"सगळेच करतात असं," ती भरभर बोलायला लागली. "चौघांनी एकदा तिथे उतरून लँडिंगचा शिक्का घ्यायचा, कागद पक्के करायचे, आणि मिस्टरांनी परत यायचं. चौथ्या मजल्यावरच्या मुनिबाचे मिस्टर तेच करतात ना? वर्षातून महिनाभर जातात. मुलांचं शिक्षण होतं, इकडची नोकरी राहते. दोन-तीन वर्षांचा प्रश्न."

"मला कधी सांगणार होतीस?"

"रोज सांगणार होते. रोज तुम्ही ती वही उघडून बसायचात."

उपेंद्रचे हात गुडघ्यांवर होते. ते आपलेच आहेत का असं बघावं, तसा तो त्यांच्याकडे बघत होता.

"दादाच्या शेजारी एक इंजिनिअर राहतात," कुंदा म्हणाली. "अबूधाबीत मोठ्या हुद्द्यावर होते. तिथे गोदामात खोकी लावतात. दादा म्हणाला, उपेंद्ररावांना नाही झेपायचं. ते माणूसच वेगळे. आणि मलाही... तुम्ही तिथे हिरमुसून खिडकीशी बसाल, ते मला बघवणार नाही हो."

"खोकी लावीन मी."

"तुम्हाला घरातलं कपाट सरकवता येत नाही."

ते खरं होतं. तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

"इथे निदान नोकरी आहे तुमची. मान आहे. कुणी..."

"नोकरी नाही," उपेंद्र म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"बुधवारी राजीनामा दिला."

कुंदा वळली. इतका वेळ ती काचेतून समोर बघत होती; आता पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा हात स्टिअरिंगवरून घसरला आणि हॉर्न वाजला. अख्खं शोरूम वळून बघायला लागलं. मुनीरनं लांबूनच 'काही नाही, काही नाही' असा हात केला.

"मला न विचारता?"

बावीस वर्षांत त्यानं तिला न विचारता शर्टही घेतला नव्हता.

"आज जेवताना सांगणार होतो. गाडी ठरली की. मला वाटलं..." त्यानं घसा साफ केला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल. एकदा तरी मी आपणहून काही केलं म्हणून."

"मग उद्या जा आणि परत घ्या. साहेब चांगले आहेत तुमचे. चूक झाली म्हणावं."

"मंदूबनं पासपोर्ट नेला काल." मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस; त्याच्या हाती गेलेला कागद मागे येत नाही, हे इथल्या पोरांनाही माहीत असतं. "व्हिसा रद्द करायला. खलास म्हणाला. नवरा-बायको-मुलं, सगळ्यांचेच करावे लागतील, महिन्याभरात." आणि मग, जणू आपल्या हातून काही सांडलं असावं अशा स्वरात तो म्हणाला, "त्या रिटर्न तिकिटावर आलो तरी मला इथे उतरू देणार नाहीत."

कुंदानं तोंडावर हात ठेवला. ती रडत नव्हती. घरात पाऊल टाकावं आणि तिथे भिंतच नसावी, तशी ती बघत होती. काचेपलीकडे अस्मी मोठ्या गाडीत चढून मागच्या सीटवर उड्या मारत होती आणि नीरव तिला खाली ओढत होता. नीरवनं एकदा इकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"आणि तिथे काहीच नाही मिळालं तर?" कुंदानं विचारलं.

उपेंद्रनं विचार केला. शंभर पानांत याचं उत्तर कुठे नव्हतं.

"माहीत नाही."

कुंदानं पदर सारखा केला, आरसा स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला आणला, मग पुन्हा थोडा वर केला.

"दादानं जागा धरलीय ती तळघरातली आहे. एकच खोली. तिघं येणार म्हणून सांगितलंय मी त्याला." ती थांबली. "आता तुम्ही फोन करायचा त्याला. आजच. मी नाही करणार."

कुंदाच्या भावाशी फोनवर बोलायचं म्हटलं की उपेंद्रच्या हाताला घाम यायचा. 'नमस्कार' आणि 'थांबा, कुंदाला देतो' याच्या पुढे तो कधी गेला नव्हता.

"करतो," तो म्हणाला.

"काय सांगाल?"

"चौघं येतोय म्हणून सांगेन."

ती हसली नाही. मानही हलवली नाही. पण उतरलीही नाही.

"आणि गाडी मीच चालवणार," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मला समोरचं दिसेल अशीच घ्यायची."

"हो."

उपेंद्रच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. त्यानं खांद्यामागून पट्टा ओढला आणि खटकन लावला.

काचेपलीकडून मुनीरनं ते पाहिलं आणि गिऱ्हाईक पक्कं झालं असं समजून तो किल्ली आणायला लगबगीनं आत गेला.