दम खायच्या जागा

रियेका या बंदराच्या शहरात बाजारापासून वरच्या वस्तीपर्यंत एकशे ऐंशी पायऱ्या. त्या नव्याने बांधायचं काम नगरपालिकेने वास्तुरचनाकार वेद्रानाला दिलं होतं. वस्तीतल्या लोकांना जमवून तिने आराखडा दाखवला. पांढरा दगड, सरळसोट कठडा, मधोमध कारंजं. तिचं तिलाच फार कौतुक वाटत होतं.

"दिसायला छानच आहे गं," दिंकामावशी म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई आयुष्यभर जहाजावर स्वयंपाक करत होती. "पण बसायचं कुठे?"

"मावशी, बाक टाकले तर पायऱ्यांची सगळी सरळ रेघ तुटते."

"तुटली रेघ सांधता येते. माझा गुडघा कोण सांधणार?" तिने हातातल्या दोन्ही पिशव्या पुढे केल्या. "बटाटे आणि मासळी आहे. वर पोचव बघू."

सगळे हसले. वेद्रानाही हसत निघाली. चाळिसाव्या पायरीपर्यंत हसू टिकलं. साठाव्या पायरीवर बोटं लाल झाली आणि तिने कुणाच्या तरी खिडकीखालच्या दगडावर बूड टेकलं.

दुसऱ्या दिवशी ती खडू घेऊन आली. आठवडाभर पायऱ्यांवर बसून राहिली. जो जिथे थांबेल, तिथे ती खूण करायची. बाबागाडी उचलून नेणारी आई कुठे थांबते, काठी टेकणारा म्हातारा कुठे. चार ठिकाणी खुणांची दाटी झाली.

शेवटच्या दिवशी लिनोकाका आले. बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवलेला गडी. "माझीही खूण कर. इथे."

"काका, खालची खूण इथून आठच पायऱ्यांवर आहे."

"मग? मला दम इथेच लागतो."

समोरची खिडकी उघडली. आत दिंकामावशी. "दम लागतो, की माझ्या कॉफीचा वास लागतो रे?"

"दोन्ही!"

वेद्रानाने गुपचूप खूण केली.

कारंजं गेलं, पाच बाक आले. नगरपालिकेच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "हे दोन इतके जवळ का?"

"तिथे गरज जास्त आहे," वेद्राना डोळ्यांची पापणीही न लववता म्हणाली.

मे महिन्यात पायऱ्या खुल्या झाल्या. पहिल्याच सकाळी लिनोकाका इस्त्रीचा सदरा घालून मावशीच्या खिडकीसमोरच्या पाचव्या बाकावर येऊन बसले. खिडकी मात्र बंद. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात दार उघडलं आणि दिंकामावशी दोन कप घेऊन बाहेर आली.

"सरक की थोडा," ती म्हणाली. "सगळा बाक काय तुझाच आहे?"