कानांचा ऑफ सीझन

आधी गहिनीनाथला वाटलं, गॅसचा सिलिंडर गळतोय.

सकाळची पाळी संपवून तो कारखान्यातून घरी आला होता, ताटावर बसला होता, आणि कुठूनतरी बारीक, न थांबणारं सूंऽऽ ऐकू येत होतं. टर्बाईनच्या सीलमधून वाफ निसटते ना, अगदी तसं. त्याने ताट बाजूला सारलं, वाटीत साबणाचा फेस केला आणि रेग्युलेटरला लावून बघितला. बुडबुडा काही आला नाही. मग त्याने नळाची तोटी आवळली, फ्रीजला कान लावला, मीटरच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला.

"काय हुडकताय, दादा?" बहीण मुक्ताबाईने विचारलं.

"कायतरी गळतंय."

"मला तर काय ऐकू येत न्हाई."

भाची ज्ञानेश्वरी नुकतीच कॉलेजातून आली होती. बॅग खाली ठेवता ठेवता ती हसली. "आई, मामांनी आज टर्बाईन घरी आणलंय."

हसण्यावारी गेलेली ती गोष्ट महिन्याभरात खरी ठरली. गळती कुठेच नव्हती. आवाज गहिनीनाथच्या उजव्या कानात होता आणि तिथून तो हलणार नव्हता.

कोपरगावच्या बाजूला ऊसपट्ट्यात तो कारखाना. गहिनीनाथ तिथल्या पॉवर हाऊसमध्ये फिटर, तरुणपणापासूनचा. टर्बाईनशेजारी माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. पण गहिनीनाथला त्या गदारोळात एकटं बेअरिंग ऐकू यायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो बेअरिंगच्या घरावर टेकवायचा, मूठ उजव्या कानामागच्या हाडाशी दाबायचा आणि डोळे मिटायचा. बेअरिंग बिघडण्याच्या आधी कुरकुर करतं, ती कुरकुर लोखंडातून थेट डोक्यात उतरते. कारखान्याने कानात घालायचे बोळे दिले होते. ते त्याच्या खिशात असत. "बोळं घातलं तर मशीन काय म्हनतंय ते कळनार कसं?" असं तो नव्या पोरांना सांगायचा, आणि पोरंही मग बोळे खिशातच ठेवायची.

नुसती शिटी असती तर त्याने दिवस ढकलले असते. पण शिटीच्या मागून दुसरंच दुखणं आलं. बाकीचे आवाज टोचायला लागले. हातातून चमचा पडला तरी कानात सुई शिरल्यासारखं व्हायचं. कुकरची शिट्टी झाली की तो दोन्ही हातांनी डोकं धरून परसात पळायचा. मुक्ताबाईने लसूण टाकून तेल कोमट करून घातलं. गावातल्या डॉक्टरांनी कानातला मळ काढला, गोळ्या दिल्या. कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तिथे नटबोल्टांच्या पेट्या होत्या आणि त्या कुणी ना कुणी आपटत होतंच.

शेवटी ज्ञानूनेच कुठे कुठे विचारून नगरच्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. अश्विनी मॅडम. वयाने ज्ञानूपेक्षा थोड्याच मोठ्या. बंद खोलीत बसवून त्यांनी गहिनीनाथचे कान तपासले आणि कागदावरची रेघ दाखवली. सरळ चाललेली रेघ एका ठिकाणी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान असे दिसतात," त्या म्हणाल्या. "काका, हा जो भाग गेलाय तिथून मेंदूला काही ऐकू येत नाही. मग मेंदू काय करतो? रेडिओचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, तसं करतो. त्या वाढवलेल्या आवाजात त्याची स्वतःचीच खरखर तुम्हाला ऐकू येते. आणि चमचा पडला तर तोही तितकाच मोठा होऊन येतो."

"मग बारीक करायचं बटन कुठं हाय?"

"बटण नाही. शिटी पूर्ण जाईल असंही मी सांगणार नाही. पण मेंदूला शिकवता येतं, हळूहळू." त्यांनी सांगितलेला उपाय ऐकून गहिनीनाथ चक्रावलाच. शांत बसायचं नाही. कापूस घालायचा नाही. घरात दिवसभर काहीतरी हलका आवाज चालू ठेवायचा, पंखा म्हणा, नळाची बारीक धार म्हणा, माणसाचं बोलणं म्हणा. आजच्यापेक्षा उद्या किंचित जास्त. "वर्षही लागेल, दीडही. मधेच सोडू नका."

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याने ते नेमाने केलं. टेबलपंखा चालू ठेवायचा. शेळीच्या गळ्यातली घंटी होती ती राहू द्यायची. आणि सकाळी ज्ञानू चहाच्या कपासोबत पेपर घेऊन बसायची आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. बाजारभाव, बिबट्याची बातमी, राशिभविष्य.

"मामा, तुमच्या राशीला परदेशगमन लिहिलंय."

"येवल्यापर्यंत जाऊन येऊ," तो म्हणायचा.

तिच्या पायातले पैंजण पाय हलेल तसे किणकिणत. सुरुवातीला तेही टोचायचं. पौषात एक दिवस त्याच्या लक्षात आलं की ती घरभर फिरून गेली आणि आपण कपाळाला आठी घातली नाही. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. टिकलं तर सांगू, असं मनाशी म्हणाला.

मग ज्ञानूचं लग्न ठरलं. मुलगा बेलापूरचा, वैशाखातली तारीख, महामार्गालगतचं मंगल कार्यालय.

ज्ञानूचा बाप ती पाळण्यात असताना गेला होता. गहिनीनाथची बायकोही लवकर गेली. त्याने पुन्हा संसार मांडला नाही, बहीण आणि भाची हाच त्याचा संसार. कन्यादानाला मुक्ताबाईचा चुलत दीर सूर्यभान आणि त्याची बायको बसणार होते. पण मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि ती जागा गहिनीनाथची होती.

"दुसरं कुनी उभं राहिलं तरी चालतं म्हनं," तो एकदा चाचरत म्हणाला.

ज्ञानूने पेपर खाली ठेवला. "मागं तुमी नसाल तर मी पाटावर पाय ठेवनार न्हाई, मामा. मग घ्या लगीन लावून सूर्यभानकाकाचं."

ती हसत होती, पण डोळे भरले होते. गहिनीनाथने त्याच वेळी मनाशी गाठ बांधली. उभं राहायचं, म्हणजे राहायचं.

आता कारखान्यातल्या माणसाला यंत्राचा एक नियम ठाऊक असतो. गाळप संपलं की टर्बाईन उघडायचं, पुसायचं, तेल लावून ताडपत्रीखाली झाकून ठेवायचं. उन्हाळाभर त्याला कुणी हात लावत नाही. त्या विश्रांतीच्या जोरावर ते पुढचा हंगाम काढतं. गहिनीनाथने आयुष्यात असे कितीतरी हंगाम बघितले होते, आणि त्याला वाटलं, कानाचंही तसंच असणार. लग्नाच्या दिवशी खर्च करायला आज साठवून ठेवायचं.

"मॅडमनी तर उलटं सांगितलंय," ज्ञानू म्हणाली.

"मॅडमला कानाचं कळतं, बंद पडत आलेलं मशीन कसं चालवायचं ते मला कळतं. तीन महिनं ऑफ सीझन. मग बघ."

त्याने नगरला जाणं थांबवलं. कानात कापूस भरला, वर कारखान्याच्या स्टोअरमधली मोठी कानझाकणं चढवली. घराने त्याला साथ दिली, आणि घराने ती मायेनेच दिली. मुक्ताबाईने कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागली. भांड्यांखाली फडकी आली. मिक्सर शेजारणीकडे गेला. शेळीची घंटी सुटली. ज्ञानूने पैंजण काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवले. सकाळचा पेपर ती आता मामापुढे नुसता ठेवायची. काही सांगायचं झालं तर खुणेने सांगायची किंवा मोबाईलवर लिहून दाखवायची. घरात लग्न असून त्या घरात कुणी गाणं म्हटलं नाही. शेजारच्या बायका पापड लाटायला आल्या त्या अंगणातूनच परत गेल्या. लग्न पसंत नाही म्हणून मामांनी अबोला धरलाय, असंही कुणीतरी उठवलं.

त्या शांततेत शिटी वाढली. पूर्वी ती सीलमधून निसटायची, आता सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यासारखी येत होती. गहिनीनाथला वाटलं, यंत्र बंद करताना आधी असंच ओरडतं.

लग्नाच्या दिवशी त्याने फेटा बांधून घेतला. व्याही काकासाहेब समजूतदार निघाले. डीजे रद्द, बँड अक्षता पडेपर्यंत गप्प, फटाके कार्यालयाच्या बाहेर. फेट्याखाली कापसाचे बोळे नीट बसवून गहिनीनाथ नवरीच्या खोलीपाशी थांबला.

"नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं!" लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला, आणि त्या एका वाक्याने त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. कानात कापूस असूनही. तीन महिने कुजबुजीशिवाय काही न ऐकलेल्या कानावर तो आवाज घणासारखा पडला.

ज्ञानूने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. चल.

अंतरपाट धरला गेला. ती पाटावर उभी राहिली, तो मागे. त्याचे दोन्ही तळवे तिच्या खांद्यांवर होते आणि शालूखालून तिचा श्वास त्यांना कळत होता. पहिलं मंगलाष्टक त्याने दात आवळून काढलं. दुसऱ्यात सूर्यभान हौसेने माईकजवळ सरकला, त्याला एक कडवं म्हणायचं होतं. माईकने शीळ घातली. लांब, धारदार. लोकांनी नुसती तोंडं वाकडी केली. गहिनीनाथला वाटलं, कुणीतरी उजव्या कानात तापलेली सळई घालून डावीकडून काढली. त्याचे हात आपोआप वर गेले.

अंतरपाट धरलेला असताना नवरीने मागे बघायचं नसतं. ज्ञानूने बघितलं नाही. तिचा खांदा फक्त थोडा मागे आला, तळहात शोधत. गहिनीनाथला ते दिसलं. त्याने एक हात पुढे केलासुद्धा. तेवढ्यात शेकडो माणसांचं "सावधान" उसळलं, आणि तो वळला. स्वयंपाकघरातून, वाजणाऱ्या झाऱ्यांमधून, मागच्या दाराने थेट पाण्याच्या टँकरपर्यंत. तिथे चाकाला टेकून तो मटकन बसला. त्याच्या जागी कोण उभं राहिलं ते त्याला कळलं नाही. थोड्या वेळाने जमीन थरथरली. अक्षता पडल्या होत्या, फटाके लागले होते.

पाठवणीच्या आधी ज्ञानू त्याला शोधत मागे आली. शालूचा काठ चिखलाला लागत होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याचा फेटा सरळ केला आणि काहीतरी बोलली. चांगली दोन-तीन वाक्यं बोलली. कानात कापूस होता, वर हात होते, आत वाफ कोंडली होती. ओठ हलताना दिसले तेवढेच. आपण पुन्हा बोल म्हणावं, असं त्याला वाटलं; पण पुन्हा ऐकायची त्याची छाती झाली नाही. त्याने मान डोलावली. तिला वाटलं, मामांनी ऐकलं. ती त्याच्या पाया पडली आणि गेली.

ज्येष्ठात तो एकटाच एसटीने नगरला गेला. अश्विनी मॅडमनी पुन्हा तपासलं. रेघ होती तिथेच होती. पण सहन होणाऱ्या आवाजाची मर्यादा पहिल्या वेळेपेक्षाही खाली आली होती.

"काय केलंत, काका?"

त्याने सांगितलं. ताडपत्री, तेल, ऑफ सीझन, सगळं. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी रेघेचा कागद बाजूला सारला.

"टर्बाईन बंद केलं की ते बंद असतं," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "मेंदू बंद होत नाही. तो अंधारात काहीतरी शोधत बसतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. घरी वाचून दाखवायची ना भाची? तोच आवाज बरा. ओळखीचा, आवडता."

"ती आता बेलापूरला असती."

"मग फोनवर?"

"फोन टोचतो," गहिनीनाथ म्हणाला. खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाला, "घरात हुती तवा तीन महिनं गप बसवली मी तिला."

अश्विनी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दुसरा एखादा आवाज शोधा. लहानसा. जो ऐकावासा वाटेल असा."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याने कापूस काढून चुलीत टाकला आणि टेबलपंखा लावला. मुक्ताबाई आत भाकरी थापत होती, जुन्या सवयीने आवाज न करता. त्याने फळीवरून बिस्किटाचा डबा उतरवला. सासरी जाताना ज्ञानूने नवे पैंजण घातले होते, जुने डब्यातच राहिले होते. त्याने ते रुमालात गुंडाळून तळहातावर धरले. रुमालातून हलवले. काही नाही, नुसती खसखस. मग रुमाल उघडला, डोळे मिटले आणि एकदा हलवले.

सुई शिरली. डोळ्यांतून पाणी आलं. तो थांबला, श्वास घेतला आणि पुन्हा हलवले. वाफेच्या आवाजाच्या पलीकडून, फार लांबून, किणकिण आली.

आतून परात सरकल्याचा आवाज झाला. मुक्ताबाई पिठाच्या हातांनीच धावत दारात आली. तिचा चेहरा उजळला होता.

"ज्ञानू आली का वं, दादा?"

गहिनीनाथने मूठ मिटली.

"न्हाई," तो म्हणाला. "मीच हाय."