बाबांची खरी उंची

मित्रांनो, जरा डोळे मिटा. पॅरिस शहरातलं एक तळघर आहे. बाहेर भरदुपार, आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. समोर एक ठिपका हलतो. त्याचा चेहरा होतो. चेहरा वाढत वाढत तुमच्या अंगावर येतो. घाबरलात ना? त्या चेहऱ्यामागे मी होतो.

मी एक जुना जादूचा कंदील आहे. पत्र्याच्या पेटीत तेलाचा दिवा, पुढे भिंगाची नळी, खाली लोकर गुंडाळलेली चाकं. मेण लावलेल्या पातळ पडद्यामागे मी उभा असे. मालक गास्पार मला मागे ओढत तेव्हा चित्र मोठं होई, पुढे ढकलत तेव्हा लहान. लोकांना वाटे, भूत आलं आणि गेलं. या खेळाचं नाव फँटास्मागोरी. म्हणजे स्वप्नातल्यासारखी रूपं, जी दिसतात, बदलतात आणि हाती लागत नाहीत. पुढे तो शब्द शहरभर झाला. सरकारं भराभर पालटू लागली तशी माणसं बाजारात म्हणत, "ही तर फँटास्मागोरीच चाललीय."

लोक आपल्या मेलेल्या माणसांच्या तसबिरी आणून देत. मालकीणबाई मोदेस्त त्या काचेवर रंगवत. एकदा एका आजीने लढाईत गेलेल्या मुलाची तळहाताएवढी तसबीर दिली. खेळाला ती नात पेरीनलाही घेऊन आली. चूक एवढीच, की "चित्र पाहू" असं न म्हणता ती पोरीला म्हणाली होती, "आज बाबा भेटतील."

बाबा आले, मोठे झाले. मग गास्पार मला पुढे ढकलू लागले आणि बाबा लहान होत चालले.

"बाबा, थांबा ना," असा आवाज आला, पाठोपाठ धावती पावलं. पडदा माझ्याकडे फुगला. मित्रांनो, पडद्याला मेण होतं आणि माझ्या पोटात जळतं तेल. मला थांबता येत नव्हतं. गास्पारनी टाचा रोवून मला वीतभर अंतरावर धरलं.

मोदेस्तबाईंनी पोरीला पडद्यामागे घेतलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाबांना पेटीत कोंडलंय तुम्ही?"

मोदेस्तबाईंनी माझ्या खोबणीतली रंगवलेली काच काढून तिच्यापुढे धरली. "ये, बघ. कडेनं धर, काच तापलीय."

"उलटे का टांगलेत?"

"उलटे घातले की पडद्यावर सरळ उभे राहतात. हे रंग माझे, बाळ. बाबा यात नाहीत."

"मग कुठेत?"

"ते मला नाही ठाऊक."

पेरीनने काच उजेडात धरली. "कोट निळाच होता. पण एक बटण तुटलेलं."

"अगं, लोक उठून चाललेत," गास्पार कुजबुजले.

"जाऊ देत."

आज मी अडगळीत आहे. भिंगावर बुरशी चढलीय. मला कुणी पुसलं तर बरंच वाटेल. पण त्याहून एक मागतो. लहानग्यांना अंधारात काही दाखवाल, तर त्यांना आधी पडद्यामागे न्या.

आणि पेरीन? त्या दिवशी तिने काच फ्रॉकने पुसली, उलटी करून खोबणीत घातली आणि माझी मूठ धरली. पलीकडे आजी हुंदके देत होती. पेरीन मला हळूहळू मागे ओढू लागली. बाबा वाढत गेले. ते पडदाभर होण्याआधीच, घरच्या दारात उभे राहत तेवढे झाले, तिथे तिने मला थांबवलं.